मदत हवी आहे : गावातल्या जिल्हा परिषद प्रशालेचा नववी-दहावीचा पट वाचवायचा आहे

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका लहान गावात राहतो. मुलगी इथल्याच प्रशालेत आठवीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. नववी-दहावीचा पट दरवर्षी उतरतोय. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवण्याच्या) शासन निर्णयामुळे धास्ती वाढली आहे, कारण वर्गात वीसपेक्षा कमी मुलं उरली तर शिक्षकच मंजूर होत नाही. मग उरलेली पोरं तरी कुणाच्या भरवशावर थांबणार?

दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांची मुलंही सोबत जातात. ज्यांना परवडतं ते तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस धरतात. दहावीला गणित आणि इंग्रजीत मुलं अडकतात, आणि निकाल लागला की पालक आणखी बिथरतात. गणिताच्या सरांची बदली झाल्यापासून ती जागा रिकामीच आहे. बाकीचे शिक्षक मात्र मनापासून शिकवतात, हे आवर्जून सांगतो.

आठवीच्या मुलांना एनएमएमएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या) परीक्षेला बसवायचं ठरवलंय. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि ही शिष्यवृत्ती सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. पालकांना हे माहीतच नव्हतं!

कुणी आपल्या गावात पट परत वाढवला आहे का? ऊसतोडीच्या काळात मुलांना मागे ठेवायची सोय कशी केली? गणिताला तात्पुरता शिक्षक मिळवायला अर्ज नेमका कुणाकडे करायचा? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, पुढच्या बैठकीत तो सगळ्यांना वाचून दाखवेन.