सावली काळपट का दिसते

द्राक्षांच्या पेटीच्या लेबलवर फोटोशॉपमध्ये अक्षरांना दिलेली ड्रॉप शॅडो (मागे पडणारी सावली) छापल्यावर मळकट दिसते, हा तुमचा प्रश्न. तुम्हाला आधी एकांनी ओपॅसिटी, म्हणजे सावलीचा ठळकपणा, कमी करायला सांगितलंय. त्याने थोडा फरक पडेल, पण माझ्या मते खरी गडबड रंगात आहे. फोटोशॉप शॅडोला आपणहून काळा रंग देतं, आणि मोड मल्टिप्लाय, म्हणजे खालचा रंग गडद करणारा. हिरव्यावर तो काळा बसला की हिरवा मरतोच. लेअर स्टाइलमध्ये (लेअरला म्हणजे चित्राच्या थराला सावलीसारखे परिणाम देणारी खिडकी) ब्लेंड मोडशेजारच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक करा, लेबलचाच हिरवा उचला आणि चांगला गडद करा.

आपल्या नाशिकच्या बाजारात टोपलीतला घड एकदा नीट बघा. मणी जिथे कागदाला टेकतो तिथे सावली गडद आणि काटेकोर, बाहेर जाताना विरत गेलेली. एका शॅडोत हे साधत नाही. फोटोशॉपच्या सीसी २०१५ आवृत्तीपासून याच खिडकीत ड्रॉप शॅडोच्या नावापुढच्या अधिकच्या चिन्हाने दुसरी शॅडो जोडता येते. पहिलीला डिस्टन्स (अक्षरापासूनचं अंतर) ३, साइझ (कडा किती विरते ते) ५ पिक्सेल ठेवा. दुसरीला डिस्टन्स १५, साइझ ४०, ओपॅसिटी २० टक्के. स्प्रेड (विरण्याआधी सावली किती फुगते ते) दोन्हीकडे शून्य. आकडे फाइलच्या मापाप्रमाणे बदला.

डिस्टन्स आणि कोन मी आकड्यांनी ठरवतच नाही. स्टाइलची खिडकी उघडी ठेवून कॅनव्हासवर सावली माउसने थेट ओढता येते, नजरेला पटेल तिथे सोडायची.

आणि ग्लोबल लाइटची, म्हणजे सगळ्या लेअरना प्रकाशाचा एकच कोन देणारी, खूण तपासा. ती असताना एका लेअरचा कोन बदलला की खूण असलेल्या सगळ्याच लेअरचा बदलतो. एका बॅनरवर माझा याच्यात अख्खा दिवस गेला होता.