'इमर्जन्सी' म्हणालाच नाही
१९७७ मध्ये टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन जंबो विमानं धडकली, त्यात रेडिओवरच्या 'टेकऑफ' शब्दाचा घोळ होता, हे बरोबरच. पण तिथे दोन रेडिओ संदेश एकमेकांवर आदळून निदान शिट्टीसारखा आवाज तरी झाला होता. एव्हियांका कंपनीच्या फ्लाइट ५२ च्या वेळी (२५ जानेवारी १९९०) शब्द ऐकू येत होते, तरी घोटाळा झालाच.

कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं बोइंग ७०७. खराब हवा, तासाभराहून जास्त घिरट्या. पहिलं लँडिंग फसल्यावर कॅप्टन को-पायलटला स्पॅनिशमध्ये म्हणतो, त्यांना सांग इमर्जन्सी आहे. हा काय करतो? जमिनीवरून विमानांना दिशा देणाऱ्या कंट्रोलरची सूचना इमानेइतबारे परत म्हणून दाखवतो आणि शेवटी चिकटवतो, "इंधन संपत आलंय, सर." कंट्रोलर 'ओके' म्हणून पुढची दिशा देतो! कॅप्टन पुन्हा विचारतो, सांगितलंस का? हो सर, सांगितलं.

'प्रायॉरिटी' आधी मागून झाली होती, पण 'मेडे' (जीव धोक्यात असल्याची रेडिओवरची ठरलेली हाक) किंवा 'इमर्जन्सी' एकदाही नाही. साहेबासमोर आपण 'जरा बघता का' म्हणतो ना, तसलाच प्रकार.

चारही इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ गेले. आग लागली नाही. पेटायला टाकीत काही उरलंच नव्हतं.