रेनी लेकवर बाबांची गरी

(घरचा ग्रुप, जूनचा तिसरा रविवार)

दादा (मिनियापोलिस): पोचलो घरी. चार दिवस रेंजच नव्हती म्हणून मेसेज नाही. सगळे सुखरूप, बाबा एकदम खुशीत.

आत्या (रत्नागिरी): अरे, निघताना नीट सांगून तरी जायचं! इथे जीव टांगणीला लागला होता. नक्की गेलात कुठे?

दादा: चुकलंच आत्या. रेनी लेकला गेलो होतो. मिनेसोटाच्या अगदी उत्तर टोकाला, इथून गाडीने पाच तास. तळ्याचा बराचसा भाग कॅनडात आहे. अमेरिकेकडचा बराचसा भाग व्हॉयाजर्स नॅशनल पार्कमध्ये येतो. हे पार्क १९७५ साली झालं. पूर्वी कातड्यांच्या व्यापारासाठी होड्या वल्हवत जाणारे फ्रेंच कॅनेडियन नावाडी होते, त्यांचं नाव त्याला दिलंय. आतल्या मुक्कामाच्या जागांना रस्ता नाही, होडीनेच जायचं. म्हणून हाउसबोट घेतली.

काका (गुहागर): केरळसारखी? नावाडी, स्वयंपाकी सगळं?

दादा: नाही काका, आपणच चालवायची. देणारे तासभर शिकवतात, नकाशा हातात देतात आणि सोडतात. सपाट तळाची, वर खोल्या बांधलेली. गॅस, फ्रिज, झोपायच्या बाका. वेग सायकलइतका. मागे मोटरची छोटी होडी दोराने बांधलेली असते, मासे धरायला तीच घ्यायची. मोठी बोट अंधारात चालवायची नाही, म्हणजे नाही. तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस आहे, दलदलीतून येतं ना. हातभर खालचा खडकसुद्धा दिसत नाही. वाट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या तरंगत्या बोया सोडून जरा आत गेलं की पंखा खडकावर.

ताई (ठाणे): बाबांनी लाइफ जॅकेट घातलं होतं का? खरं सांग.

दादा: पहिल्या दिवशी नाही म्हणाले, "मी खाडीत वाढलोय." मग मी त्यांना पाण्यात हात घालायला लावला. इतक्या गार पाण्यात एकदम पडलं तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. मग मुकाट्याने घातलं. दहा वर्षांखालच्या मुलांना तर चालत्या होडीत कायद्यानेच घालावं लागतं.

ताई: आणि जनरेटर? त्या धुराबद्दल वाचलंय मी.

दादा: बरं विचारलंस. जनरेटर किंवा इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसायचं नाही, तिथे पोहायचंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोप आल्यासारखा कोसळतो. अलार्म आहे का, तो वाजतो का, हे निघायच्या आधी मी स्वतः बटण दाबून बघितलं. कोणीही कुठेही हाउसबोट घेतलीत तरी एवढं कराच.

बाबा: मी सांगतो आता. पाण्याला भरती-ओहोटी नाही हे मला दोन दिवस पचलंच नाही. रात्री दोनदा उठून दोर बघून आलो. बोट लावायची पद्धत मात्र आवडली. नाक वाळूवर टेकवायचं, इंजिन हळू पुढेच चालू ठेवायचं, तोवर दोघांनी उतरून मागच्या दोन्ही कोपऱ्यांचे दोर किनाऱ्यावर तिरके ताणून बांधायचे. दोर सैल राहिला आणि वारा बाजूने आला की सगळं बूड फिरतं. गाठी मी मारल्या. एकही सुटली नाही.

आत्या: भाऊ, मासे काय मिळाले ते आधी सांग!

वहिनी (मिनियापोलिस): वॉलआय, आत्या. मिनेसोटाचा राज्यमासा. बॅटरी मारली की डोळे मांजरासारखे चमकतात. त्याला अंधुक उजेडात छान दिसतं, म्हणून तो तिन्हीसांजेलाच गरीला लागतो. आणि तिथे या दिवसांत सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमाराला! रोज जेवायला अकरा.

बाबा: शिशाचा गोळा असलेली गरी, तिला जळू लावायची. तळाला टेकवायची, वीतभर उचलायची, परत सोडायची. हा मासा हिसका देत नाही. दोर नुसता जड वाटतो, ओलं फडकं अडकल्यासारखा. बोटांना ते कळायला एक संध्याकाळ गेली.

आत्या: जळू? शी!

बाबा: शी काय, आपण गांडूळ लावतो ते?

दादा: बाबांना तिसऱ्या दिवशी हातभर लांब लागला. मापपट्टीवर ठेवला तर सोडायच्या मापात निघाला. तिथे ठरावीक मापातले वॉलआय पाण्यात परत सोडावेच लागतात, बहुतेक अंडी घालणाऱ्या माद्या असतात त्या. रोज किती ठेवायचे तेही ठरलेलं. माप आणि आकडा सरकारी पुस्तिकेत त्या वर्षीचा बघूनच जायचं. लायसन्स प्रत्येकाचं वेगळं, आणि हद्द ओलांडून कॅनडाच्या पाण्यात गरी टाकायची तर ओंटारिओचं लागतं.

काका: एवढा मोठा सोडला? मग धरायचा कशाला, भाऊ?

बाबा: मलाही वाईट वाटलं रे. पण हात ओले करून, चिमट्याने गरी काढून त्याला पाण्यात सरळ धरला. कल्ले दोन-तीनदा उघडले, मिटले. मग शेपटीचा एक फटका माझ्या मनगटाला देऊन गेला खाली. आपल्याकडे १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या बंद ठेवतात, ते कशासाठी? तरी बंदी उठली की बाजारात वीतभर सुरमई येते. माझ्या लहानपणी एवढीशी सुरमई कोणी टोपलीत ठेवली नसती. ते मला बघवत नाही.

काका: खरंय. परवा मीही घेतली तसली. नको होती घ्यायला.

वहिनी: ठेवलेले चार बाबांनीच साफ केले. काटे कमी, मांस पांढरंशुभ्र, मुडदुशीसारखं नाजूक. तुम्ही दिलेलं आगळ नेलं होतं काका. आगळ, हळद, तिखट, मीठ, वरून तांदळाचं पीठ. एक पाईक मासा मिळाला, त्याला मात्र आपल्या पाला माशासारखे बारीक काटे. त्याचं कालवण केलं, पण छोटूला दिलं नाही.

ताई: केटल फॉल्सला गेलात का?

दादा: हो, छोट्या होडीने. सरहद्द तिथे अशी वळते की दक्षिणेकडे बघितलं की समोर कॅनडा! बाबांनी होकायंत्र काढून खात्री केली. आणि रात्री लून पक्षी ओरडला तेव्हा ते उठून बसले, म्हणाले कोणी बाई रडतेय.

बाबा: अजून कानात आहे तो आवाज. बरं, तिकडे पाऊस लागला ना? माझी होडी पडवीत उपडी घातलीय, तिच्या खाली दगड आहेत का बघ. जमिनीला टेकली तर वाळवी लागेल.

काका: उद्या सकाळी बघतो. तुझा पाग, फेकायचं जाळं, माळ्यावर टांगून ठेवलाय, उंदीर लागू दिलेला नाही.