वाडीहून परतताना गाडीखाली कुत्रे आले आणि मी थांबलो नाही

परतीचा प्रवासी (पुणे):

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आईला घेऊन नृसिंहवाडीला दर्शनासाठी गेलो होतो. निघायला उशीर झाला आणि शिरोळमार्गे जयसिंगपूरच्या दिशेने येताना सायंकाळचे साडेसहा वाजून गेले. गळीत हंगाम सुरू असल्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली होती. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरने डिपर दिला नाही, त्याच्या झोताने डोळे दिपले, आणि त्याच क्षणी डाव्या बाजूच्या उसातून एक तांबूस कुत्रे रस्त्यावर आले. ते माझ्यापुढून पार झालेही होते. परंतु तो ट्रॅक्टर पाहून बिचकले, उलटे फिरले आणि थेट माझ्या गाडीपुढे आले. माझा वेग पन्नास-पंचावन्नच्या आसपास होता. ब्रेक दाबला, मागच्या आसनावरचा कवठाच्या बर्फीचा पुडा खाली पडला आणि पाठोपाठ तो आवाज झाला.

खरे सांगायचे ते यापुढचे आहे. आई म्हणाली, "थांब रे." मागे भरलेली डबल ट्रॉली होती, म्हणून मी "पुढे जागा बघून थांबतो" असे म्हणालो. थोड्याच अंतरावर एका पेट्रोल पंपाजवळ भरपूर जागा आली. मी थांबलो नाही. पुढे महामार्ग लागला आणि कऱ्हाड येईपर्यंत आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी धुताना बंपरच्या जाळीत तांबूस केसांचा एक झुपका अडकलेला दिसला. तो मी चिमटीने काढला आणि कुठे टाकावा हे न कळल्यामुळे बराच वेळ तसाच हातात धरून उभा राहिलो. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले आहेत. रात्री झोप लागता लागता तो आवाज ऐकू येतो. मावशीचे म्हणणे असे की गुरुवारी, तेही वाडीहून येताना, दत्ताच्या पायाशी बसणारा जीव गेला, तेव्हा काहीतरी प्रायश्चित्त घ्यावेच लागेल. कार्यालयातल्या मित्राचे म्हणणे असे की कुत्रेच होते, एवढे मनाला लावून घेण्यासारखे त्यात काय आहे. या दोन्ही बोलण्यांनी मला बरे वाटत नाही. ज्यांच्या हातून असे घडले आहे त्यांनी हे ओझे कसे हाताळले, एवढेच विचारायचे आहे.

---

स्टेअरिंगवरची 31 वर्षे:

मी एस. टी.त चालक होतो आणि आता निवृत्त आहे. आधी हिशेब सांगतो, कारण मला स्वतःला पहिला धीर हिशेबानेच दिला होता. ताशी 54 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला बरोबर 15 मीटर. जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी थांबायला आणखी 15 ते 17 मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे 30 मीटर. तुमचे कुत्रे उलटे फिरले तेव्हा ते तुमच्यापासून किती लांब होते हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु ते 30 मीटर नक्कीच नसणार. समोर ट्रॅक्टर असताना तुम्ही स्टेअरिंग उजवीकडे मारले नाही, हे योग्यच केले. कुत्र्याला वाचवायला जाऊन समोरच्या वाहनावर आदळलेल्या गाड्या मी पाहिलेल्या आहेत, आणि त्यांतून बाहेर काढावी लागलेली माणसेही पाहिलेली आहेत.

माझ्या हातून इतक्या वर्षांत कुत्री गेली, कोंबड्या गेल्या, एकदा वासरू गेले. कोंबड्या विसरलो. वासरू विसरलो नाही, कारण त्याच्या मालकिणीने मला शिवी दिली नाही. ती नुसती त्याच्या गळ्यातली घंटा सोडवत बसली होती. पुढे कित्येक महिने त्या वळणावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जात असे. माझ्या वाहकाने मला एकच सांगितले होते की दुसऱ्या मार्गावर बदली मागू नका. मी मागितली नाही, आणि ते माझ्या हिताचेच झाले. तुम्हीही तो रस्ता टाळू नका.

---

एक पशुवैद्यक:

आपल्या प्रश्नातील एका वाक्यावर मी थांबलो. आपण कुत्रे मेलेले पाहिले आहे, असे आपण कुठेही म्हटलेले नाही. कदाचित ते गेले असेल, कदाचित नसेल. वाहनाची धडक बसलेली कुत्री पुष्कळदा त्या क्षणी उठून पळतात आणि झुडपात किंवा पिकात जाऊन बसतात. त्यांच्यापैकी काही पोटात रक्तस्राव होऊन किंवा मूत्राशय फाटून नंतर दगावतात, हे खरे आहे. परंतु धडकेत कमरेचे हाड मोडलेली अनेक कुत्री काही आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने पुन्हा चालू लागतात. मी हे दिलासा म्हणून सांगत नाही. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट आपण ठाऊक आहे असे धरून रोज रात्री पुन्हा पाहत आहात, एवढेच दाखवून देतो.

थांबणे शक्य असेल तेव्हा काय करावे, हे वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहून ठेवतो. गाडी कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत आणि आधी मागून येणारी वाहने पाहावीत, कारण जनावरासाठी रस्त्यात उतरलेला माणूसच पुढच्या गाडीखाली सापडतो. वेदनेत असलेले अत्यंत माणसाळलेले कुत्रेही चावते. म्हणून धाप लागलेली नसेल आणि उलटी होत नसेल तर ओढणीच्या किंवा कापडाच्या पट्टीने तोंड सैल बांधावे. उचलताना पाय धरू नयेत. चादर किंवा फळी अंगाखाली सरकवून सपाट उचलावे. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हिरड्या पांढऱ्याफटक दिसत असतील तर रक्त आत कुठेतरी जात आहे आणि वेळ थोडा आहे, असे समजावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा विनामूल्य क्रमांक आहे. तो मुख्यतः गुराढोरांसाठी असला तरी जवळचा दवाखाना विचारण्यासाठी उपयोगी पडतो. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

आपल्याबाबत एवढेच सांगतो की झोपमोड आणि तो आवाज महिनाभरानंतरही तसाच राहिला, तर समुपदेशकाशी बोलावे. शासनाच्या टेलिमानस या सेवेचा 14416 हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. कुत्र्यासाठी फोन करायचा कसा, असा संकोच बाळगू नये.

---

विदर्भातला एक:

कायद्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. जनावराला मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, परंतु त्यासाठी हेतू किंवा परिणामाची जाणीव असावी लागते. नकळत झालेली धडक त्यात बसत नाही. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुचाकीखाली कुत्रे सापडल्याच्या प्रकरणात खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या तरुणावरचा गुन्हा रद्द केला होता आणि राज्य सरकारला त्याला 20,000 रुपये द्यायला सांगितले होते. वन्यप्राण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. चुकून मारला गेलेला वन्यप्राणीसुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सरकारची मालमत्ता ठरतो, त्यामुळे त्याला हात न लावता वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.

हे मी अनुभवातून शिकलो, कारण माझ्या गाडीसमोर पहाटे एक चितळ आले होते. वनरक्षकाची वाट पाहत त्याच्याशेजारी जो एक तास काढला, त्याने माझे मन जेवढे हलके केले तेवढे नंतरच्या कोणत्याही बोलण्याने केले नाही, हे मात्र नमूद करतो. आणखी एक. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर–शिवनी महामार्गावर जनावरांसाठी रस्ता उचलून खालून मोठे मार्ग काढलेले आहेत, त्यांतला एक तर 750 मीटर लांब आहे, आणि वाघ त्यांचा वापर करतात. म्हणजे काही ठिकाणी दोष चालकाच्या पायाइतकाच रस्ता आखणाऱ्याच्या कागदावरही असतो. उसाच्या शेतातून थेट डांबरावर येणारे कुत्रे आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाने सगळा भार स्वतःवर घेऊ नये.

---

सांगलीची सून:

वरचे सर्व प्रतिसाद योग्यच आहेत, परंतु मला ते थोडे बाजूने गेल्यासारखे वाटतात. धडक तुमच्या हातात नव्हती, हे तुम्हालाही कळते. तुम्ही स्वतःच "खरे सांगायचे ते यापुढचे आहे" असे लिहिले आहे. मग हिशेब आणि कलमे वाचून तुमची झोप कशी परत येईल? पंपाजवळ जागा होती आणि तुम्ही पुढे गेलात, हे तुमचे दुखणे आहे. त्याला अपघात म्हणता येत नाही. ती भीती होती, आणि भीती वाटणे अगदी माणसासारखे आहे, परंतु त्याला भीती असे नाव तुम्हालाच द्यावे लागेल.

दुसरे असे की मावशी काय म्हणाली, मित्र काय म्हणाला, हे सर्व तुम्ही लिहिले. आई काय म्हणाली, ते कुठेच नाही. "थांब रे" हे तिचे शेवटचे शब्द. तीन आठवड्यांत तुम्ही तिच्याशी या विषयावर बोललात का? माझ्या सासूबाईंच्या देखत माझ्या पतीच्या गाडीखाली मांजर गेले होते. काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते वगैरे बोलणी घरात झाली, हसण्यावारी नेली गेली, आणि पुढे कितीतरी दिवस सासूबाई त्यांच्या गाडीत बसायचे टाळत राहिल्या. आम्हाला वाटले, त्यांना राग आला आहे. प्रत्यक्षात त्या समजत होत्या की आपण देवळासाठी घाई केली म्हणून हे घडले. प्रायश्चित्त घ्यायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावे. आधी आईशी बोला.

---

परतीचा प्रवासी (पुणे):

उत्तर द्यायला बारा दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. काका, आपण विचारलेले नसले तरी सांगतो: ते कुत्रे उलटे फिरले तेव्हा माझ्यापासून फार तर दोन गाड्यांच्या लांबीवर होते. डॉक्टरसाहेब, ते मेलेले मी पाहिले नव्हते, हे तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते.

आईशी बोललो. मी भ्यालो होतो, असे सरळ सांगितले. कुत्रे जिवंत असेल आणि विव्हळत असेल, तर ते मला पाहवणार नाही, म्हणून मी थांबलो नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की, थांब म्हटले खरे, पण तू थांबला नाहीस तेव्हा मलाही सुटल्यासारखे वाटले, आणि तेच मला खात होते. आम्ही दोघे तीन आठवडे एकाच घरात एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

गेल्या रविवारी आम्ही दोघे दिवसाउजेडी तिकडे जाऊन आलो. जागा ओळखणे अवघड होते, कारण मधल्या काळात त्या बाजूचा ऊस तुटून गेला होता आणि रान मोकळे दिसत होते. जवळच्या चहाच्या टपरीवर विचारले. टपरीवाल्याला त्या गुरुवारचे काही आठवत नव्हते. हंगामात रोज काही ना काही होते, असे तो म्हणाला. टपरीमागे तीन कुत्री होती, त्यांतले एक तांबूस आणि मागच्या पायाने लंगडणारे. माझ्या छातीत धस्स झाले. तो म्हणाला, ते दिवाळीपासूनच लंगडते आहे. आईने तरीही त्याला दोनदा विचारले, नक्की दिवाळीपासूनच का. नक्की, म्हणाला.

झोप अजून पूर्ण आलेली नाही, परंतु आवाज रोज येत नाही. परत येताना त्या पेट्रोल पंपाजवळ आईने आपणहून गाडी थांबवायला सांगितली. पाणी प्यायचे आहे, म्हणाली. बाटली तिच्या हातातच होती. मी गाडी कडेला घेतली आणि आम्ही तिथे पाच-दहा मिनिटे थांबलो.