पॉवर ॲम्पवरचे नॉब, दिवे आणि मागचे स्विच: कुठे काय ठेवायचं?

खर्ज (प्रश्न):
८ ओहमच्या पॅसिव्ह मॉनिटरची (आत ॲम्प नसलेल्या स्पीकरची) जोडी आहे. ॲम्प वेगळा, ८ ओहमला चॅनलमागे १०० वॉटचा. इंटरफेसचं (कॉम्प्युटरचा आवाज ॲम्पकडे पाठवणाऱ्या डब्याचं) कमाल आउटपुट +१६ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप), केबल बॅलन्स्ड. ॲम्पवर पुढे दोन लेव्हल नॉब आणि सिग्नल, क्लिप, प्रोटेक्ट हे दिवे. मागे सेन्सिटिव्हिटीचा स्विच (०.७७५ व्होल्ट / १.४ व्होल्ट, सध्या ०.७७५ वर) आणि स्टिरिओ / पॅरलल / ब्रिज असा सरकता स्विच.

नॉब अर्ध्यावर ठेवले तर पॉवरही अर्धीच मिळते का? पूर्ण उघडले की इंटरफेसचा व्हॉल्यूम थोडा वाढवताच क्लिप लुकलुकतो, आणि काही वाजत नसतानाही ट्वीटरमधून 'स्स्स' येतो. सुरू करताना प्रोटेक्ट लाल होतो. शिवाय गाण्यातला आवाज मधोमध बसत नाही आणि बास पातळ वाटतो.

जॅकपिन:
नाही. तो नॉब पॉवरचा नाही, आत येणारा सिग्नल कमी करणारा आहे. उजवीकडे टोकाला ० डीबी, म्हणजे काहीच कपात नाही. नॉब कुठेही असला तरी पुरेसा मोठा सिग्नल दिला की ॲम्प पूर्ण १०० वॉट देतोच. त्यामुळे 'नॉब खाली म्हणजे स्पीकर सुरक्षित' हा समज सोडून द्या.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा सांगतो की नॉब पूर्ण उघडा असताना किती व्होल्ट आत आले की ॲम्पची क्षमता संपते. आकडा लहान म्हणजे ॲम्प जास्त संवेदनशील. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. १०० वॉट, ८ ओहम म्हणजे आउटपुटला साधारण २८.३ व्होल्ट. ०.७७५ वर त्यासाठी गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सुमारे ३१ डीबी, १.४ वर २६ डीबी. तुमचा इंटरफेस +१६ डीबीयूला जवळपास ४.९ व्होल्ट देतो. म्हणजे आत्ता, इंटरफेसचा व्हॉल्यूम पूर्ण असेल तर, ॲम्प -१६ डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, ० म्हणजे कमाल) आसपासच क्लिप होणार, म्हणजे त्याची मर्यादा ओलांडली जाणार.

स्विच १.४ वर टाका (ॲम्प बंद करून) आणि दोन्ही नॉब -११ डीबीच्या खुणेवर आणा. मग इंटरफेस पूर्ण उघडा असला तरी ० डीबीएफएसला ॲम्प जेमतेम त्याच्या मर्यादेला पोचतो. हिसही (तो 'स्स्स') त्याच प्रमाणात उतरेल. नॉब पूर्ण खाली करूनही 'स्स्स' राहिला तर तो ॲम्पचा स्वतःचा; गेला तर मागून, इंटरफेसकडून येत होता.

सिग्नलचा दिवा फक्त 'काहीतरी येतंय' एवढंच सांगतो. क्लिप मात्र गंभीर घ्या. लाट वरून सपाट कापली गेली की नवे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात, सरासरी पॉवर वाढते आणि ट्वीटरची कॉइल तापते.

निषाद:
प्रोटेक्ट सुरुवातीचे काही सेकंद लागून आतून रिलेची (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचची) 'टक' झाली आणि विझला, तर ते ठरल्याप्रमाणेच आहे. आतले व्होल्टेज स्थिर होईपर्यंत स्पीकर तोडून ठेवलेला असतो.

विझलाच नाही तर ॲम्प बंद करा, मागच्या स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा सुरू करा. आता विझला तर दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये. बहुधा टर्मिनलपाशी तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकलेला असतो. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ५.५ ते ७ ओहम दाखवतो, शून्याजवळ दिसला तर शॉर्ट. रिकाम्या ॲम्पवरही दिवा तसाच राहिला तर आउटपुटला डीसी (स्पीकर जाळू शकणारं एकदिश व्होल्टेज) असू शकतो. दुरुस्तीआधी स्पीकर जोडू नका. अर्ध्या-पाऊण तासाने लागत असेल तर उष्णता. जाळ्या मोकळ्या करा.

क्रम: चालू करताना ॲम्प शेवटी, बंद करताना आधी.

उलटीतार:
बासची तक्रार मला वेगळीच वाटते. तो सरकता स्विच ब्रिजवर तर नाही ना? ब्रिजमध्ये डाव्या इनपुटचा सिग्नल दोन्ही चॅनलना जातो, आणि दुसऱ्यात उलट्या पोलॅरिटीने (अधिक-उणे उलटं करून). स्पीकर नेहमीप्रमाणे दोन जोडले असतील तर दोन्हीकडे एकच मोनो, पण एकमेकांविरुद्ध. बास एकमेकांना खातो, मधला आवाज पोकळ होतो.

खात्री: फक्त उजवा चॅनल वाजवा. दोन्ही स्पीकर गप्प राहिले तर ब्रिज किंवा पॅरलल (यातही एकच इनपुट दोन्ही चॅनलना जातो, पण सुलटा). उजवा नीट वाजला तर स्विच ठीक आहे; मग एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्यात का बघा.

खर्ज:
उजवा वाजवला तर दोन्ही गप्प! ब्रिजवरच होता. स्टिरिओवर आणल्यावर बास परत आला. १.४ वर हिसही निम्मा वाटतो. आता दोन्ही बाजू समान कशा करायच्या?

जॅकपिन:
खुणा जुळवून नाही. खालच्या टप्प्यात दोन नॉब क्वचितच सारखे निघतात. -२० डीबीएफएस आरएमएस (सरासरी पातळी) पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सारखा खरखराट) एकावेळी एकाच स्पीकरला द्या, आवाज मोजणारं मीटर कानाच्या जागी, त्यावर सी वेटिंग आणि स्लो ही सेटिंग. लहान खोलीत प्रत्येकी ७६ डीबीच्या आसपास पुरतं; ८३ हा आकडा मोठ्या खोल्यांसाठी. जो कमी येईल तो वाढवू नका, जास्त असलेला खाली आणा. दोन्ही अर्ध्या डीबीत आले की नॉबच्या जागी टेपचा तुकडा लावा आणि पुढे आवाज फक्त इंटरफेसवरूनच कमी-जास्त करा.