जपानी + वेब डेव्हलपमेंट + लोकलायझेशन: रोजचा दीड तास कशाला देऊ? सल्ला हवा

अबोली_क:
नमस्कार. चार वर्षं फ्रंट-एंडचं काम करतेय, बहुतेक रिअ‍ॅक्ट. जपानी आवड म्हणून सुरू केली आणि गेल्या डिसेंबरात एन३ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी; एन१ सगळ्यात वरची) पास झाले, १८० पैकी ११८. आता दोन्ही हाताशी धरून करता येईल असं काम हवंय. मर्यादा आधीच सांगते. रोज दीड तास मिळतो, त्याहून जास्त नाही. मुदत दीड वर्ष. आईची तब्येत बरी नसते, त्यामुळे या काळात जपानला जाणं होणार नाही. तर हा दीड तास एन२ ला द्यावा, भाषांतर शिकावं, की लोकलायझेशन इंजिनिअरिंगच्या (सॉफ्टवेअर दुसऱ्या भाषेत नीट चालेल असं करण्याच्या) मागे लागावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगावं.

पहाटवारा:
सरळ जपान गाठा. मी एन३ वरच गेलो होतो, तिथे दोन वर्षांत जे शिकलो ते घरी बसून दहा वर्षांत जमलं नसतं. कुशल व्यावसायिकांच्या व्हिसाला गुण मोजतात, ७० लागतात. एन२ चे १० आणि एन१ चे १५ मिळतात. पदवी, अनुभव, वय, पगार यांचे वेगळे. ८० झाले तर एका वर्षानंतर कायम निवासाचा अर्ज करता येतो. मी केला आणि मिळाला. बाकी सगळे मार्ग लांबचे आहेत.

निळीशाई:
त्यांना जायचं नाहीये हो, पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.
मी अकरा वर्षं जपानीतून भाषांतर करते, म्हणून स्पष्ट सांगते: नुसत्या भाषांतराकडे येऊ नका. पूर्वी मूळ मजकुरातल्या जपानी अक्षरांवर पैसे मिळायचे, कोरं पान समोर असायचं. आता मशीनने केलेलं भाषांतर येतं, ते नीट करून द्यायचं आणि दर मात्र जवळपास अर्धा. शिवाय ट्रान्सलेशन मेमरीत (जुन्या भाषांतरांच्या साठ्यात) आधीचं थोडंफार जुळणारं वाक्य सापडलं की त्याचे पैसे आणखी कापतात. ते 'थोडंफार' दुरुस्त करायला कधीकधी नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो, पण तो कोणी मोजत नाही. आणि यायचंच असेल तर एन१ शिवाय नाही. एन२ ला या धंद्यात कोणी दारात उभं करत नाही.

खटका_बटण:
निळीशाईंशी अर्धा सहमत. एन१ चं माहीत नाही, पण अबोलीताई, तुमच्याकडे जे आधीच आहे त्याची किंमत तुम्हाला कळलेली दिसत नाही. माझा एक प्रसंग सांगतो.
आमच्या चॅटच्या खिडकीबद्दल जपानी ग्राहकाची तक्रार आली: 'संदेश अर्धवट जातात.' आमच्या टीममध्ये कोणालाच तो बग दिसेना, कारण आम्ही सगळे इंग्रजीत टाइप करून बघत होतो. मी जपानी कीबोर्ड लावला, 'तोउक्योउ' (म्हणजे टोकियो) टाइप केलं, स्पेस मारून कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) निवडली आणि ती पक्की करायला एंटर दाबला. संदेश गेला! जपानी माणूस एका वाक्यात पाच-सहा वेळा एंटर दाबतो, शब्द पक्के करायला. आमचा कोड प्रत्येक एंटरला 'पाठव' समजत होता.
उपाय एका ओळीचा: कीडाउनमध्ये (कळ दाबल्याच्या घटनेत) 'इझ-कंपोझिंग', म्हणजे शब्द अजून पक्का व्हायचाय का, ते तपासा आणि खरं असेल तर काही करू नका. सफारीत तेवढ्याने भागत नाही, तिथे कंपोझिशन संपल्याची घटना आधी येते आणि कीडाउन नंतर, म्हणून की-कोड २२९ आहे का तेही बघावं लागतं. ही ओळ लिहायला एन१ लागत नाही. पण ज्याने जपानी कधी टाइपच केली नाही त्याला ती सुचणारही नाही. दीड तास इथे घाला.

घड्याळ_मागे:
एन१ च करा. मी एन२ वर थांबलो आणि आजही पस्तावतोय. उत्तीर्ण व्हायला १८० पैकी १०० लागतात, अशक्य नाही. रोज चार तास दिलेत तर दीड वर्षात होईल.

निळीशाई:
हेच म्हणतेय मी. आणि कीबोर्डचं ठीक आहे खटका, पण पडद्यावरचा मजकूर कोण बघणार? परवाच एक अ‍ॅप पाहिलं, एका पानावर 'कोंप्यूता' (कॉम्प्युटर) आणि दुसऱ्यावर 'कोंप्यूताऽ'. शेवटची दीर्घ रेघ एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. वाचणाऱ्याला लगेच कळतं की इथे कोणी लक्ष दिलेलं नाही.

पहाटवारा:
रेघ नसलेलंच बरोबर. आमच्या कंपनीत सगळी तांत्रिक कागदपत्रं तशीच असत.

निळीशाई:
बरोबर-चूक असं नसतं. तांत्रिक लेखनात लांब शब्दाची शेवटची रेघ गाळायची जुनी पद्धत होती. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या जपानी उत्पादनांत रेघ द्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून दोन्ही चालतं. ज्या ग्राहकाची जी स्टाइल गाइड (लेखनाचे नियम) तीच पाळायची, एवढंच.

पहाटवारा:
ग्राहकाने गाइड दिलीच नसेल तर?

निळीशाई:
मागून घ्यायची. मी काम सुरू करण्याआधी मागते. दिली नाही तर शब्दांची यादी स्वतः करून त्यांच्याकडून होकार घेते, नंतरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

अबोली_क:
धन्यवाद सगळ्यांना. रोज चार तास नाहीत हो, दीडच आहे. खटका, तुमचा प्रसंग वाचून आमच्या साइटच्या शोधपेटीत हेच करून पाहिलं. तिथेही अर्ध्या शब्दावर शोध सुरू होतो! असं आणखी काय काय मोडतं, कोणी सांगेल का?

जुनाखांब:
खूप काही. लोकलायझेशन इंजिनिअर म्हणून काम करतो, जरा विस्ताराने लिहितो.
सगळ्यात जुना त्रास एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं संगणकात कुठल्या आकड्यांनी साठवायची त्याचा. शिफ्ट-जिस या जुन्या जपानी एन्कोडिंगमध्ये काताकानातल्या (परकीय शब्दांच्या लिपीतल्या) 'सो'चा दुसरा बाइट आणि बॅकस्लॅश एकच, ५सी. आणि जपानीत 'सॉफ्टवेअर' हा शब्द सुरूच 'सो'ने होतो. ज्या प्रोग्रामला दोन बाइटचं अक्षर कळत नाही तो 'सो'चा अर्धा भाग एस्केपचं चिन्ह समजून गिळतो आणि पुढचा सगळा मजकूर विस्कटतो. आता सगळं यूटीएफ-८ (सगळ्या भाषांना चालणारं एन्कोडिंग) झालं म्हणतात, पण जुन्या यंत्रणेतून येणारी सीएसव्ही अजून शिफ्ट-जिसमध्ये असते. उलट बाजूने, तुम्ही दिलेली यूटीएफ-८ ची फाइल बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) शिवाय गेली की त्यांच्या एक्सेलमध्ये मोजिबाके होऊन, म्हणजे अक्षरांची खिचडी होऊन उघडते. हा शब्द लक्षात ठेवा, पहिल्याच आठवड्यात ऐकाल.
दुसरं, जोडून केलेली वाक्यं. इंग्रजी कोडमध्ये 'डिलीट' अधिक फाइलचं नाव असं चिकटवतात. जपानीत आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं, नावाला प्रत्यय लागतो, आणि ते चिकटवलेलं वाक्य कुठल्याच भाषांतरकाराला वाचवता येत नाही. वाक्य अख्खं ठेवायचं आणि नावाची जागा मोकळी सोडायची. मराठी माणसाला हे एकदा सांगून कळतं, कारण आपल्याकडेही ते तसंच मोडतं. अनेकवचन मात्र उलटं: मराठीला दोन रूपं लागतात, जपानीला एकच पुरतं.
तिसरं, फॉर्म. आडनाव आधी. नावाचा उच्चार लिहायला फुरिगानाचा वेगळा रकाना, कारण नुसत्या कांजीवरून यादी उच्चाराच्या क्रमाने लावता येत नाही. पिनकोड सात आकडी, पत्ता मोठ्याकडून लहानाकडे.
चौथं, पानाला 'जेए' हा भाषेचा टॅग नसेल तर काही कांजी चिनी वळणाच्या दिसू शकतात. अक्षर तेच, पण जपानी डोळ्याला लगेच खुपतं.
शिकायला ओमेगा-टी हे भाषांतराचं सॉफ्टवेअर फुकट आहे. एक्सएलआयएफएफ आणि पीओ फाइल (यांत भाषांतराचा मजकूर असतो) हाताने उघडून वाचा. एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरच्या जपानी आवृत्तीत असे बग शोधून दुरुस्त करा. दोन-तीन दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या की मुलाखतीत दाखवायला तेवढं पुरतं.

चौकट७:
सगळे वाचण्या-लिहिण्याचं बोलताय. मी ब्रिज इंजिनिअर (जपानी टीम आणि इथली टीम यांच्यातला दुवा) आहे, दिवसाचे तीन तास जपानी टीमशी मीटिंग. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. एन१ असलेले लोक मी मीटिंगमध्ये गप्प बसलेले पाहिलेत. 'केन्तोउ शिमासु' म्हणजे 'विचार करतो' असं ते म्हणाले की आमचा मॅनेजर खूश व्हायचा. तो बहुतेक वेळा नकार असतो, हे त्याला समजावणं हे माझं काम. दीड तास बोलण्याला द्या.

घड्याळ_मागे:
बोलणं एन१ च्या अभ्यासात आपोआप येतं.

चौकट७:
येत नाही. माझं नाही आलं.

अबोली_क:
एक विचारते. जपानी लोकलायझेशन टेस्टिंगचं सहा महिन्यांचं अर्धवेळ काम चालून आलंय, संध्याकाळचं. अ‍ॅप वापरायचं, चुका शोधून नोंदवायच्या. एन३ चालेल म्हणाले. कसं असतं?

निळीशाई:
नको. सगळ्यात कमी पैसे तिथेच. मी सुरुवातीला केलंय, दिवसभर स्क्रीनशॉट काढायचे आणि एक्सेलमध्ये भरायचे. डोळे जातात.

खटका_बटण:
मीही नकोच म्हणेन. तुम्ही डेव्हलपर आहात, एकदा टेस्टर म्हणून नाव लागलं की तिथेच अडकवतात.

जुनाखांब:
माझंही तेच मत. तो वेळ स्वतःच्या दुरुस्त्यांना द्या.

पहाटवारा:
+१. आणि जपानचा विचार पुन्हा करा.

अबोली_क:
सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस विचार केला आणि ते काम घेतलं. राग मानू नका.
कारण सांगते. त्यांनी चाचणी म्हणून एक नोंदणीचा फॉर्म दिला होता. पत्त्यातले आकडे फक्त पूर्ण रुंदीचे (जपानी अक्षराएवढे रुंद) चालत होते आणि पिनकोडमधले फक्त अर्ध्या रुंदीचे (आपले नेहमीचे). चूक झाली की दोन्हीकडे एकच लाल ओळ, 'योग्य आकडे भरा'. कुठले योग्य ते कुठेच नाही. पाऊण तास त्या फॉर्मशी झटापट केली. मग नोंद लिहिली: मजकुरात काय बदलावं, आणि कोडमध्ये तपासणीआधीच आकडे एका रुंदीचे कसे करून घ्यावेत. त्यांनी विचारलं, हा दुसरा भाग कोणी सांगितला? गेल्या चार वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की माझी जपानी आणि माझं काम एकाच टेबलावर बसलंय.
एकटीने बग शोधायला बसले तर दीड तासातला एक तास कुठे शोधू यातच जाईल. इथे रोज कोणीतरी मोडकं अ‍ॅप समोर आणून ठेवेल. पैसे कमी आहेत हे खरं. एन२ ची परीक्षा या डिसेंबरात देणार नाही, पुढच्या जुलैत बघू. चौकट७, बोलण्याचं मनावर घेतलंय, रविवारी एका जपानी मैत्रिणीशी अर्धा तास ठरवलाय.

जुनाखांब:
बरं. मग एक करा, पहिल्या दिवसापासून. प्रत्येक नोंदीत ब्राउझर, कीबोर्ड आणि नेमके कोणते अक्षर टाकले ते लिहा, स्क्रीनशॉटबरोबर अक्षराचा युनिकोड क्रमांकही द्या. पूर्ण रुंदीचा १ आणि अर्ध्या रुंदीचा १ चित्रात बरेचदा सारखेच दिसतात.

निळीशाई:
आणि शब्दांची यादी मागून घ्या त्यांच्याकडून. रेघेसकट.