संस्थांमधला थकवा : कार्यकर्तीला रजा असते का?

पूर्व उपनगर (धागाकर्ती)

३१ मार्चचे अहवाल आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी कुठे खर्च केला याचा दाखला) एकदाचे गेले की मुंबईतल्या सामाजिक संस्थांमध्ये राजीनामे येऊ लागतात. मग कुणीतरी सुचवतं, एक योगसत्र घेऊ, कर्जतला दोन दिवस जाऊन येऊ. हे दोन दिवस बहुतेक वेळा शनिवार-रविवार असतात, म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली सुट्टीच गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ (रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती) साठी बर्नआउटची, म्हणजे या थकव्याची, व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं. खुणा तीन : अंगातली शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. वस्तीतल्या कामात, म्हणजे घरात मार खाणाऱ्या बायकांच्या केस हाताळताना, दुसरी खूण सर्वांत आधी दिसते. केस मीटिंगमध्ये ‘या बाया ऐकणारच नाहीत’ असली वाक्यं यायला लागली की समजावं.

गोवंडी-मानखुर्दकडच्या एखाद्या फील्ड कार्यकर्तीचा दिवस कसा आखलेला असतो बघा. सकाळी १० ला ऑफिसात सही. ११.३० पर्यंत मीटिंग. दुपारी वस्तीत जावं तर निम्म्या बायका कामावर. त्या परततात संध्याकाळी ६ नंतर, म्हणून खरी घरभेट ६ ते ८. मग घरी जाऊन नोंदी. दिवस दहा-अकरा तासांचा होतो आणि त्यातले मधले तीन तास वाया गेलेले असतात. यावर उपाय फुकटातला आहे : आठवड्यातले तीन दिवस १२ ते ८ ची पाळी आणि मीटिंग एकाच दिवशी.

सगळे उपाय मात्र फुकटात होणार नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ८ नैमित्तिक रजा, ८ सणांच्या सुट्ट्या आणि दर २० दिवस कामामागे १ अर्जित रजा आहे. तो आपल्या संस्थेला लागू होतो का यावर वेळ घालवू नका, किमान पट्टी म्हणून धरा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून साप्ताहिक सुट्ट्या ५२, सण ८. उरले ३०५. अर्जित रजा साधारण १४ आणि नैमित्तिक ८ मिळून २२. म्हणजे एक माणूस प्रत्यक्षात २८३ दिवस काम करतो. संस्थेत १२ जण धरले तर त्यांच्या रजा झाल्या २६४ दिवस. जवळजवळ एक पूर्ण माणूस! हा तेरावा माणूस कुठल्याच बजेटमध्ये नसतो. म्हणून रजा मंजूर होते आणि काम तसंच साचून राहतं, आणि परतल्यावर दुप्पट होऊन समोर येतं.

माझं म्हणणं : १२ जणांमागे १ राखीव कार्यकर्ती हा प्रकल्पाचाच खर्च आहे, आणि तो प्रपोजलमध्ये पहिल्या दिवसापासून लिहायचा.

जुना कार्यकर्ता

मुळातच असहमत.

आपल्या भाषेत कर्मचारी आणि कार्यकर्ता हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा फरक कमावलेला आहे. रात्री ११ ला मार खाऊन बाहेर पडलेली बाई पाळी बघून येत नाही. तिथे ‘माझी ड्युटी ८ ला संपली’ म्हणणारा माणूस वस्तीचा विश्वास एका रात्रीत घालवतो, आणि तो परत मिळवायला वर्षं जातात.

दुसरं, तासांनी माणूस मोडतो हे मला मान्य नाही. २६ जुलै २००५ नंतर लोक आठवडेच्या आठवडे चिखलात उभे राहून राबले, ते संस्था सोडून गेले नाहीत. माणूस मोडतो निरर्थक कामाने. एकच घरभेट आधी नोंदवहीत, मग फंडरच्या अ‍ॅपवर, मग महिनाअखेरीला एक्सेलमध्ये. वर फोटो, तोही लोकेशनसकट. ज्या बाईचं ऐकायला गेलो तिच्यासमोर मोबाइल धरून बसायचं. तुमची तेरावी कार्यकर्ती आली तर हेच सगळं तीही भरत बसेल. आधी हे बंद करा, रजेचं नंतर बघू.

पर्यवेक्षिका

नोंदींबद्दल जुना कार्यकर्ता यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. एक काम कुठलीही संस्था या आठवड्यात करू शकते. सगळे फॉर्म टेबलावर मांडा आणि प्रत्येक रकान्यासमोर लिहा की ही माहिती गेल्या १२ महिन्यांत कोणत्या निर्णयासाठी वापरली. उत्तर नसेल तर रकाना काढा. उरलेल्यांचा एकच फॉर्म करा आणि फंडरच्या तक्त्यात माहिती भरण्याचं काम ऑफिसातल्या एका माणसाकडे द्या, फील्डकडे नको.

पण पुराचं उदाहरण इथे लागू होत नाही, दादा. पूर ओसरतो. कौटुंबिक हिंसेची केस ओसरत नाही. तीच बाई चौथ्यांदा परत जाते आणि पाचव्यांदा येते. शिवाय ऐकणाऱ्यावर जो घाव बसतो तो बर्नआउटहून वेगळा आहे. त्याला दुय्यम आघात म्हणतात. झोपेत केसमधले प्रसंग दिसणं, आपल्याच घरातल्या पुरुषांची भीती वाटणं, एखाद्या विशिष्ट गल्लीत जायचं टाळणं, ही त्याची लक्षणं. यावर रजा पुरत नाही आणि फॉर्म कमी करूनही भागत नाही. त्याला क्लिनिकल सुपरव्हिजन लागतं : बाहेरची अनुभवी व्यक्ती, पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, गटात सहापेक्षा जास्त जणी नकोत. तिथे बोललेलं वर्षअखेरच्या मूल्यमापनात जाणार नाही हे लेखी द्यायचं. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. जो पगारवाढ ठरवतो तोच सुपरव्हिजन घेतो, मग कोण खरं बोलणार?

आणि रात्री ११ च्या बाईबद्दल. आज तिचा फोन ज्या कार्यकर्तीचा नंबर तिच्याकडे आहे तिलाच लागतो, वर्षाचे ३६५ दिवस. त्याऐवजी संस्थेचा एक वेगळा ऑन-कॉल फोन ठेवा आणि तो आठवड्याने फिरवा. फोनसोबत एक पान : जवळचं पोलीस ठाणं, निवारागृह, आपत्कालीन ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. अडलं तर पुढे कुणाला उठवायचं तेही त्यावर लिहिलेलं असावं. आठवडा संपला की एक पूर्ण भरपाई रजा, त्याच महिन्यात. बाईला माणूस मिळतोच, आणि बाकीच्या जणी झोपतात.

एक गोष्ट विसरली जाते : जुने वैयक्तिक नंबर वस्तीत फिरतच राहतात. नवा नंबर घरोघरी पोहोचवायला निदान तीन महिने धरा. तोवर दोन्ही फोन वाजतील आणि ‘हे चालत नाही’ असं सगळे म्हणतील. तेव्हा सोडून देऊ नका.

हिशेबवही

वाचायला छान आहे सगळं. आता आकडे मांडू, कारण शेवटी ते लेखापालाच्या टेबलावर येतं.

धरून चालू : राखीव कार्यकर्ती महिना १८,००० ने वर्षाला २,१६,०००. सुपरव्हिजन एका गटासाठी वर्षाला २४ बैठका, ३,००० दराने ७२,०००. ऑन-कॉल भत्ता आठवड्याला १,००० प्रमाणे ५२,०००. एकूण ३,४०,०००. साधारण ३० लाखांचा पगारखर्च असलेल्या संस्थेत हे अकरा टक्क्यांच्या वर जातं. कुठून आणायचे?

परकीय निधी असेल तर त्याच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. मुंबईत ऑफिसचं भाडं, ऑडिट, लेखापाल, संचालकांचा पगार एवढ्यातच ती भरते. तीन-चार संस्थांनी मिळून एक सुपरवायझर ठेवावी म्हटलं तर त्याच दुरुस्तीने परकीय निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवण्यावर बंदी आणली. प्रत्येकीने थेट त्या व्यक्तीशी करार करून, तिच्याकडून बिल घेऊनच पैसे द्यायचे.

आणि जुना कार्यकर्ता ज्या शब्दाचा अभिमान बाळगतात त्या ‘कार्यकर्ता’ शब्दाने हिशेबात काय होतं तेही सांगते. कार्यकर्त्याला पगार नसतो, ‘मानधन’ असतं. वस्तीतल्याच बाईला नेमायचं, ११ महिन्यांचा कागद करायचा, मानधन द्यायचं. मग रजा कुठली, भविष्य निर्वाह निधी कुठला? शिकलेल्या समुपदेशकांना ‘कन्सल्टंट’ करायचं आणि १० टक्के टीडीएस कापून मोकळं व्हायचं. २६ आठवड्यांची प्रसूतिरजा कायद्यात आहे, पण ती कर्मचारी म्हणून नेमलेल्या बाईला. ३१ मार्चला करार संपतो आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवा कागद येतो, त्या मधल्या दिवसांत लागणारी धास्ती हाच थकव्याचा मोठा भाग आहे.

म्हणून मी धागाकर्तीच्या उलट बाजूने म्हणेन : तेरावी नेमण्याआधी आहेत त्या बाराजणींचे कागद सरळ करा. दोन्हीला पैसे पुरणार नाहीत.

देणगीदारांच्या बाजूने

सीएसआरबद्दल (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) एक गैरसमज सतत ऐकू येतो, तो आधी दूर करतो. ‘कंपन्या ५ टक्क्यांच्या वर ओव्हरहेड (प्रशासकीय खर्च) देऊ शकत नाहीत’ हे चुकीचं आहे. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनावर आहे. प्रकल्प राबवायला लागणारी माणसं, देखरेख, प्रशिक्षण यांना ती लागू नाही. अनेकदा कंपनीतल्या माणसालाही हे माहीत नसतं. म्हणून प्रपोजलसोबत एका परिच्छेदात लिहून द्या.

तरीही हिशेबवही यांची शंका खरी आहे. निवड समितीत दर लाभार्थी खर्चाची तुलना होते, आणि तेरावा माणूस लिहिणारी संस्था महाग दिसते. ‘स्टाफ वेलबीइंग’ अशी ओळ दिसली की सर्वांत आधी तिच्यावर काट बसते. तीच ओळ ‘सेवेचं सातत्य : रजाकाळातील बदली कार्यकर्ती’ अशी आली तर प्रश्न वेगळे विचारले जातात, कारण बदली नसेल तर किती दिवस सेवा बंद राहील हे दाखवता येतं. सुपरव्हिजन समुपदेशनाच्या ओळीतच, दर सत्राच्या खर्चात धरा.

जुना कार्यकर्ता

नाव बदलून मंजूर करून घ्यायचं, याला माझा विरोध आहे. माणसाला विश्रांती हवी हे सरळ लिहिता येत नसेल तर तो फंडर कशाला?

ऑन-कॉल फोनचं मात्र मान्य. वस्तीला माणूस हवा, दरवेळी तोच माणूस हवा असं नाही, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मानधनाचंही मी पुन्हा विचारात घेतो. शब्द सोडणार नाही, पण त्याआड कुणाची रजा लपत असेल तर ती द्यायलाच हवी.

एका कार्यकर्तीकडच्या केसची संख्या मर्यादित करावी असंही सुचवलं जातं, त्याला मात्र माझा कायम विरोध राहील. दारात आलेल्या बाईला ‘यादीत नाव लिहा’ कसं सांगणार?

पर्यवेक्षिका

आजही सांगितलं जातंच, फक्त न बोलता. ७० केस असलेली कार्यकर्ती सत्तरांपैकी वीस जणींकडेच जाते, आणि उरलेल्या पन्नास कोण हे कुणी ठरवलेलं नसतं. त्यापेक्षा वजन द्या : नवी किंवा धोक्यातली केस ३ गुण, चालू २, पाठपुरावा १. एका कार्यकर्तीकडे किती गुण झेपतात ते तीन महिने मोजून तुमच्या वस्तीपुरतं ठरवा. बाहेरून आकडा उचलू नका. जिवाला धोका असलेली केस मर्यादेच्या वर असली तरी त्याच दिवशी घ्यायची, आणि तिच्या बदल्यात पाठपुराव्याच्या तीन केस दुसऱ्या कार्यकर्तीकडे द्यायच्या. हे समन्वयकाने करायचं, कार्यकर्तीने मागायची वाट बघायची नाही.

हार्बर लाइन

इतक्या चर्चेत संडासाचा विषय कुणी काढला नाही. फील्डवरच्या बायका सकाळी निघताना पाणी पीत नाहीत, कारण वस्तीत दिवसभर जायला जागा नसते. लघवीला जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी, संध्याकाळी चिडचिड, आणि त्यालाच आपण थकवा म्हणतो. प्रत्येक फील्ड भागात दोन स्वच्छ जागा ठरवून ठेवा : महापालिकेची हेल्थ पोस्ट (वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र), बालवाडी, ओळखीचा दवाखाना. समन्वयकाने स्वतः जाऊन बोलायचं. जागांची यादी नेमणूकपत्रासोबत द्यायची.

पावसाळ्यात आणखी एक. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की हार्बर थांबते आणि बायका तासन् तास स्टेशनात अडकतात. फील्ड रद्द करायचं की नाही हे सकाळी ७ पर्यंत एकाच व्यक्तीने ठरवून कळवायचं, आणि तो दिवस रजेत मोजायचा नाही.

पूर्व उपनगर (धागाकर्ती)

संडासाचा मुद्दा माझ्या धाग्यातच यायला हवा होता.

हिशेबवही, बाराजणींचे कागद आधी हे तुमचं पटलं, पण ‘आधी’ म्हणजे किती? पहिल्या वर्षी कागद आणि ऑन-कॉल फोन, दुसऱ्या वर्षी अर्धवेळ राखीव, असं लिहिलं तर ऑडिटला चालेल का? राखीव कार्यकर्ती परकीय निधीत प्रशासकीय खर्चात मोजली जाईल का, तेही सांगा.

हिशेबवही

टप्प्याटप्प्याने चालेल. ऑडिटर यात मुख्यतः मंजूर बजेट आणि खर्च जुळतो का बघतो.

राखीव कार्यकर्ती प्रत्यक्ष फील्डमध्ये असेल तर तिचा पगार प्रशासकीय धरायचं कारण नाही. शाळेतल्या शिक्षकांचा, रुग्णालयातल्या डॉक्टरांचा पगार नियमांनी त्यातून वगळलेला आहे. बदली कार्यकर्तीही उद्दिष्टासाठीच थेट काम करते. पण तीन गोष्टी हव्यात : नेमणूकपत्रात प्रकल्पाचं नाव, रोजची फील्ड डायरी, आणि ती कुणाच्या जागी गेली याची हजेरीपटावर नोंद. तिला रिकाम्या दिवशी ऑफिसात व्हाउचर लावायला बसवलं की गेलंच. तिच्या पगाराचा तेवढा भाग प्रशासकीय खर्चात टाकावा लागेल. आणि खरं सांगायचं तर सर्वांत आधी तेच होतं, रिकामी दिसली की तिला ऑफिसचं काम दिलं जातं. नेमणूकपत्रातच लिहा की रजा भरायची नसेल त्या दिवशी ती केसचे सर्वांत जास्त गुण असलेल्या कार्यकर्तीसोबत फील्डवर जाईल.